एक दिवस मुंबई बघायला

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. सभासदांच्या आग्रहावरून जसं बोललं गेलं तसंच देत आहोत.)



मागच्या बैठकीत मुंबईच्या सहलीचा विषय निघाला तेव्हा दोन आवाज आले. एक आवाज म्हणाला, "कधी जायचं?" दुसरा म्हणाला, "कशाला पैसे उडवायचे?" आज मला दुसऱ्या आवाजाशी बोलायचंय, कारण तो आवाज खोटा नाही. ज्या बाईची रोजची मजुरी बुडते तिला दोन दिवसांचा हिशोब लागतो. पण त्याआधी एक विचारते. गेल्या पाच वर्षांत तुम्ही गावाबाहेर कशासाठी गेलात? बोटं मोडून मोजा. माहेरी, लग्नाला, दवाखान्यात आणि देवाला. पाचवं कारण कोणाकडे आहे का? बँकेत आणि पंचायत समितीत जातो, पण ते काम झालं. नुसतं बघायला म्हणून बाई कधी निघतच नाही.

आपल्यातल्या काही जणी मुंबईला जाऊन आल्यात. वांद्र्याला महालक्ष्मी सरस भरतं, तिथं चटण्या, पापड, गोधड्या घेऊन गेल्या. दिवसभर स्टॉल, रात्री हिशोब, सकाळी परत स्टॉल. आल्यावर विचारलं, समुद्र बघितला का? तर नाही. मुंबईत राहून समुद्र न बघता बाई परत येते. माल विकायला आपण मुंबई गाठली, आता एक दिवस ती बघायलाही गाठू. काय बघायचं, कसं जायचं आणि पैसे कुठून आणायचे, तीनही सांगते.

आधी पैशाचं. माझं स्पष्ट मत आहे की गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी अंतर्गत कर्जही काढायचं नाही. गटातला पैसा शेळीला, शिलाई मशीनला, पोराच्या फीला, आजारपणाला आहे. सहलीची पेटी वेगळी. आठवड्याला ५० रुपये टाकले तर ४० आठवड्यांत २,००० रुपये होतात. ज्यांना तेही जड आहे त्यांच्यासाठी गटानं एकत्र काम घ्यावं. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर असो, लग्नातल्या पोळ्या असोत, त्या एका कामाचा नफा पेटीत. म्हणजे एकल महिला आणि मजुरीवर जाणारी बहीण मागं राहणार नाही. तारीखही सुगी आटोपल्यावरची धरायची, म्हणजे मजुरी बुडणार नाही. पेटीची वही वेगळी ठेवायची, आणि परत आल्यावर खर्च बैठकीत वाचून दाखवायचा. आपण रुपयाचा हिशोब देतो म्हणून आपल्यावर विश्वास आहे, सहलीतही तो मोडायचा नाही.

आता जायचं कसं. आपल्या लातूर-बार्शीच्या पट्ट्यातून रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबई. गावापासून स्टेशनपर्यंत एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, त्याच दिवशी काढायचं. वय खरं लिहा. ४५ वर्षांच्या पुढच्या बाईला जागा शिल्लक असेल तर खालचा बर्थ मिळतो. दोन वर्षं कमी सांगितली तर वर चढावं लागेल. (हशा) ओळखपत्र सगळ्यांनी बरोबर घ्यायचं. आणि सोमवार टाळायचा. का, ते पुढे सांगते.

गाडी उतरवते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. तिथं प्रतीक्षालय आहे, तोंड धुवा, साडी बदला, चहा घ्या. सामान ठेवायची खोली असते. पिशवीला कुलूप लागतं, तेवढं घरून न्या. मग बाहेर या, रस्ता भुयारी मार्गानं ओलांडा आणि मागं वळून वर बघा. भारतातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला याच भागातून, बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ३४ किलोमीटर. आताची इमारत १८७८ ला बांधायला घेतली, दहा वर्षं लागली. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण मला तुम्हाला घुमट दाखवायचाय. त्याच्या टोकावर एक पुतळा आहे. एक बाई उभी आहे. एका हातात मशाल वर धरलेली, दुसऱ्या हातात चाक. प्रगतीची मूर्ती म्हणून ती बसवली. रोज लाखो माणसं तिच्या खालून पळतात, वर कोणी बघत नाही. आपण बघायचं. आपल्याला घाई नसणार.

तिथून बसनं गेट वे ऑफ इंडियाला. साडेआठच्या आत पोचलं तर गर्दी नसते. ही कमान ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली. इंग्लंडचा राजा-राणी १९११ ला इथं उतरले, त्याची आठवण म्हणून बांधली. आणि गंमत बघा, स्वातंत्र्यानंतर इंग्रजांची शेवटची पलटण फेब्रुवारी १९४८ मध्ये याच कमानीखालून निघून गेली. स्वागताचं दार निरोपाचं झालं. समोर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याला हात जोडा.

इथं उभं राहून एक गोष्ट पोरींना जरूर सांगा. मुंबई आधी सात बेटं होती. कोळी लोक राहायचे, मुंबादेवी त्यांची देवी, तिच्यावरून गावाचं नाव. नंतर पोर्तुगीज आले. त्यांच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं आणि १६६१ च्या करारात ही बेटं नवऱ्या मुलाला आंदण दिली. बाई, आपल्याकडे हुंड्यात मोटारसायकल मागतात, तिथं मुंबई दिली! इंग्लंडच्या राजाला त्याचं काही मोल वाटलं नाही. १६६८ ला त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकली. हुंडा घेणाऱ्याला वस्तूची किंमत कळत नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

गेट वेपासून नऊच्या सुमारास घारापुरीच्या बोटी सुरू होतात. तासाभराचा प्रवास. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हा बेत ठेवायचा नाही. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार नको म्हटलं. बोटीत बसल्या बसल्या लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. फोटो चांगला येत नाही म्हणून काढून ठेवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर मोठी दुर्घटना झाली, माणसं गेली. बोट खच्चून भरलेली दिसली तर पुढचीची वाट बघायची. अर्धा तास गेला तरी चालेल.

बेटावर उतरलं की चालायचं, मग साधारण १२० पायऱ्या. हातात खाऊची पिशवी मोकळी धरू नका, माकडं ओढतात. लेणी दीड हजार वर्षांच्या आसपासची आहेत, १९८७ पासून जागतिक वारसा. डोंगर कोरून आत महादेवाचं देऊळ केलंय. समोर तीन मुखांची मूर्ती, अठरा-वीस फुटांची. मान वर करून बघताना बोलणं आपोआप बंद होतं. तिच्या शेजारी अर्धनारीश्वर आहे. अर्धं अंग शंकराचं, अर्धं पार्वतीचं. एकाच दगडात दोघं, कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. पलीकडे शिवपार्वतीच्या लग्नाचं शिल्प आहे. बऱ्याच मूर्ती फोडलेल्या आहेत, तरी पार्वतीच्या मानेतली लाज अजून दिसते. तिथं पाच मिनिटं बसा. फोटोच्या मागं लागून पुढं पळू नका.

आणि घारापुरी ही नुसती लेणी नाहीत, ते गाव आहे. उरण तालुक्यातली ग्रामपंचायत, तीन वाड्या: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. समोर मुंबईचे दिवे रात्रभर झगमगतात, आणि या गावाला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, तिथल्या बाया माळा, टोप्या, ताक, काकडी विकतात. त्यांच्याशी बोला. माल कुठून आणतात, पावसाळ्यात बोटी बंद झाल्यावर घर कसं चालवतात, विचारा. अभ्यास दौऱ्यात साहेब लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात, ते एकदा आपणही विचारून बघू.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बोटीचा हट्ट करू नये. त्यांची वेगळी तुकडी करू. गेट वेपासून चालत पाच-सात मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. १९२२ ला ते लोकांसाठी उघडलं. मोठा घुमट, भोवती बाग, बसायला जागा. आत जुन्या मूर्ती, चित्रं, शस्त्रं. दुपारच्या आत चर्चगेट स्टेशनबाहेर गेलं तर डबेवाले दिसतील, पांढरी टोपी घातलेले. हे लोक बहुतेक मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड भागातले, आपल्यासारखेच शेतकरी घरातले. १८९० पासून हे काम चालू आहे. डब्यावरच्या खुणा वाचून ते डबा बरोबर माणसाला पोचवतात. पण डबा भरणारी कोण, हेही लक्षात ठेवा.

दुपारी दीड-दोनला दोन्ही तुकड्या गेट वेला भेटतील. भाकरी, चटणी, दशम्या घरच्या, वडापाव मुंबईचा. जेवून निघालं की वाटेत हुतात्मा चौक लागतो. शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून शंभराहून जास्त माणसांनी जीव दिला, तेव्हा १ मे १९६० चा दिवस उगवला. मुंबई बघायला जाताना ही मुंबई आपली कशी राहिली हे विसरायचं नाही. दोन मिनिटं उभं राहू.

मग मरीन ड्राइव्ह. साडेतीन किलोमीटरचा कट्टा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला इमारती. कट्ट्यावर बसा, पण खाली ते सिमेंटचे तीन-चार पायांचे दगड आहेत, त्यांवर उतरू नका. शेवाळ असतं, पाय सटकतो. भरतीची वेळ सकाळीच कोणाला तरी विचारून ठेवायची.

तिथून बसनं किंवा रमतगमत गिरगाव चौपाटी. सहलीला येणारे इथं भेळ खातात आणि जातात. आपण भेळ खाऊच, पण आधी तीन गोष्टी ऐका. पहिली, लोकमान्य टिळकांचा अंत्यविधी १ ऑगस्ट १९२० ला याच वाळूत झाला, पुतळा आहे. दुसरी, पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला शारदा सदन काढलं ते याच भागात. विधवांना शिकवायचं म्हणून. तेव्हा केस भादरून कोपऱ्यात बसवलेल्या पोरी इथं अक्षरं शिकल्या. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक पुढे आनंदीबाई कर्वे झाली, महर्षी कर्व्यांची पत्नी. तिसरी, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी चौपाटीवर चूल पेटवून समुद्राचं पाणी उकळलं आणि मीठ केलं. कायदा मोडायला चूल वापरली. आपण रोज चूल पेटवतो, तिच्यात एवढी ताकद आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता चौपाटीला पाठ करून गिरगावाकडे तोंड करा. तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ ला सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्याच आजच्या लिज्जत पापडवाल्या. श्री महिला गृह उद्योग. देणगी घ्यायची नाही असा नियम त्यांनी पहिल्यापासून केला. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तर सगळ्यांचा. सकाळी भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून आणून द्यायचं, म्हणजे घर सांभाळून काम. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली. आपल्या गटांना पहिला फिरता निधी किती मिळाला होता, आठवा. ८० रुपयांहून किती तरी जास्त. तरी आपण म्हणतो, भांडवल कमी पडतं. मी टोमणा मारत नाही. मार्केट वेगळं, काळ वेगळा, मला कळतं. पण ती गच्ची ज्या गल्ल्यांत आहे, तिथून एकदा चालून यावं असं मला फार वाटतं. ज्या वस्तूचा पुडा आपण दुकानातून आणतो, ती आपल्यासारख्या सात जणींनी सुरू केली, हे तिथं उभं राहिलं की पायाला कळतं.

सूर्य बुडताना बघायचा. घाई करायची नाही. घरी त्या वेळी आपण चुलीशी असतो, दिवस बुडतो तो कधी दिसतच नाही. मग बसनं परत स्टेशन, जेवण, रात्रीची गाडी.

मधे कोणी म्हणेल, सिद्धिविनायक राहिला, हाजी अली राहिलं, राणीबाग राहिली. राहणारच. एका दिवसात सगळं मावत नाही, आणि धावत बघितलेलं लक्षात राहत नाही. सिद्धिविनायकाला जायचंच असेल तर घारापुरी सोडा. तेही देऊळ १८०१ चं, देऊबाई पाटील या बाईच्या पैशानं बांधलेलं आहे, तिथं जाण्यातही अर्थ आहे. पण ठरवायचं घरून निघायच्या आधी, बैठकीत, हात वर करून. रस्त्यावर उभं राहून वीस जणींचं एकमत होत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

आता सांभाळायच्या गोष्टी. चार-चार जणींच्या तुकड्या करायच्या, प्रत्येकीला एक प्रमुख. दर ठिकाणी उतरल्यावर आणि निघताना मोजणी. प्रत्येकीच्या जवळ चिठ्ठी, त्यावर दोघींचे फोन नंबर आणि परतीच्या गाडीचं नाव. फोनची बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाही. सोनं घरी ठेवा, काळ्या मण्यांची पोत पुरे. रोकड एकीकडे ठेवू नका. लोकलमध्ये बसायची हौस असेल तर दुपारी, महिलांच्या डब्यात. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ लोकलच्या वाटेला जायचं नाही. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी फक्त बायकांची लोकल सुरू झाली, इतक्या बाया तिथं रोज कामाला जातात. त्यांच्या गर्दीत आपण पिशव्या घेऊन उभं राहणं त्यांच्यासाठीही त्रासाचं. अडचण आली तर ११२, रेल्वेत १३९.

आणि एक बोलायचंच. बाहेर पडलं की आपण पाणी पीत नाही, लघवीला जावं लागेल म्हणून. दिवसभर उन्हात असं केलं तर चक्कर येते, नंतर जळजळ सुरू होते. पाणी प्यायचं. स्टेशनवर, संग्रहालयात, लेण्यांजवळ, चौपाटीला सोय आहे. सुटे पैसे जवळ ठेवा, आणि जिथं सोय दिसेल तिथं सगळ्यांनी जाऊन यायचं, लाजायचं नाही. पाळी आलेली असेल तर सांगा, पॅड प्रमुखाजवळ राहतील.

शेवटी घरच्यांचं. "तिथं काय ठेवलंय?" असं विचारतील. भांडू नका. दोन दिवसांचं पीठ दळून ठेवा, शेळ्यांचं कोण बघणार ते ठरवा, आणि घरातल्या पुरुषाला चहा-भाकरी जमते का ते या निमित्तानं बघून घ्या. त्यालाही शिकायची संधी हवी की नाही? (टाळ्या) सासूबाईंना घेऊन जाता आलं तर फारच चांगलं. त्यांनी तर आपल्याहून कमी बघितलंय. साठ वर्षं ज्या बाईनं आडाचं पाणी शेंदलं, तिनं एकदा न संपणारं पाणी बघायला नको का?

तर माझा ठराव असा. प्रत्येक ग्रामसंघानं पुढच्या मासिक बैठकीत हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा. जाणाऱ्यांची नावं, वयं, कोणाला पायऱ्या जमतील, कोणाला नाही, हे इतिवृत्तात लिहावं. पेटी त्याच दिवशी सुरू करावी आणि किल्ली एकीकडे, वही दुसरीकडे ठेवावी. कोणाला पैशाची अडचण असेल तर तिनं प्रमुखाला एकटीत सांगावं, चारचौघीत विचारू नये. नावं आली की तारीख आणि गाडी प्रभागसंघ ठरवेल.

ज्यांना हा ठराव मान्य आहे त्यांनी हात वर करा. मागच्या मावशी, तुमचाही हात दिसू द्या.